ई-पुस्तकासाठी संहिता तयार करणे

ई-पुस्तकासाठी संहिता तयार करणे : लेखकाचा मजकूर ई-पब किंवा किंडलच्या स्वरूपात नेण्याआधी तो स्वच्छ करून त्यातल्या प्रत्येक भागाची ओळख ठरवून देण्याची प्रक्रिया. मजकूर वहीतला असेल, डीटीपीवाल्याच्या जुन्या सीडीवरचा असेल, नाहीतर मोबाइलवर टंकलेला असेल. छापील पुस्तकात सगळे पानाला बांधलेले असते : डेमी आकार, ओळीची लांबी, खाली पृष्ठांक. ई-पुस्तकात पानच नसते. वाचक अक्षर मोठे करतो, फोन आडवा धरतो आणि मजकूर पाटाच्या पाण्यासारखा वाट मिळेल तसा वळतो. म्हणून हे प्रकरणाचे नाव, हा परिच्छेद, ही ओवी, ही तळटीप अशी ओळख संहितेतच नोंदवून ठेवावी लागते. दिसायचे कसे ते वाचकाचे यंत्र ठरवते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात तोंडचा शब्द दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरल्याची मोठी उदाहरणे आहेत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, टिपल्या म्हणून उरल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी तिथेच बसून लिहून घेतली. टिपणाऱ्याला बोलणाऱ्याचा उच्चार कळत होता. आता टिपण्याचे काम सॉफ्टवेअर करते आणि त्याला इथली अहिराणी बोली कळत नाही. खानदेशातल्या ई-पुस्तकांचा निम्मा घोळ इथला आहे.

फाइलचे अंतरंग : ई-पब हे या क्षेत्रातले खुले मानक. आयडीपीएफ या संस्थेने ते २००७ साली आणले, २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, २०१७ मध्ये ही संस्था वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीत विलीन झाली. ई-पबची फाइल म्हणजे खरे तर झिप केलेले गाठोडे. नावाचा शेवट ‘झिप’ असा बदलून ती उघडली, की आत वेबपानांसारखी एचटीएमएलची पाने, त्यांना रूप देणारी सीएसएस, चित्रे, अनुक्रमणिका आणि पुस्तकाच्या तपशिलाची एक फाइल दिसते. ॲमेझॉनच्या किंडलसाठी पूर्वी मोबी नावाच्या स्वरूपातली फाइल द्यावी लागे. आता ॲमेझॉन वर्डची डॉक्स किंवा ई-पब घेते आणि पुढचे रूपांतर स्वतः करते. पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक, हा समज मात्र अजून गेलेला नाही. पीडीएफ हा छापील पानाचा फोटोच. सहा इंची पडद्यावर तो वाचताना बोटाने पान डावीकडे-उजवीकडे ओढत बसावे लागते. पीडीएफपासून ई-पब बनवायला गेले तर प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटतो आणि पृष्ठांक वाक्याच्या मधोमध येऊन बसतात. त्यापेक्षा मजकूर पुन्हा टंकणे कधीकधी स्वस्त पडते.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडात : खरी मेहनत इथे आहे. १९९०च्या दशकापासून बहुतेक मराठी पुस्तके पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. पुस्तकाचे काम लग्नपत्रिकांच्या हंगामातून वेळ काढून व्हायचे आणि फाइल ज्या यंत्रावर जन्मली तिथेच राहायची. अशा फाइलमध्ये देवनागरी साठवलेलीच नसते. साठवलेली असतात रोमन अक्षरे नि चिन्हे, त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट काढून घेतला की निरर्थक चिन्हांचा पसारा उरतो. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणारे मानक; त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा वेगळा खंड आहे आणि तिथे प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ई-पुस्तक युनिकोडातच असावे लागते.

फॉन्ट बदलणारी साधने मोफत मिळतात, पण ती आंधळेपणाने चालतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने टंकलेली असतात : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडात क्रम उच्चाराचा : वेलांटी मागून, रफाराचा र आधी. ‘निर्मिती’ या एका शब्दात दोन्ही अडचणी एकत्र येतात आणि बदलणारे साधन तिथेच अडखळते. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये ग, ण, श ही अक्षरे अर्धे रूप आणि काना जोडून बनवलेली असतात. ते जोडकाम नीट उलगडले नाही तर पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. वर्तुळ दिसते तरी. न दिसणाऱ्या चुका जास्त महाग पडतात.

त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे ऱ. मराठीत ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हेही वेगळे. आडव्या र साठी युनिकोडात ऱ ही स्वतंत्र जागा आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ मारली की तो उमटतो. बदलणारे साधन बहुधा साधा र टाकून मोकळे होते आणि सातपुड्याच्या दऱ्यांचा एका झटक्यात समुद्र होतो. प्रमाण मराठी पुस्तकात अशा जागा तुरळक असतात. अहिराणीत तसे नाही. ‘मी वावरमा जाई ऱ्हायनू’, म्हणजे मी शेतात जातो आहे. चालू काळ बोलायचा तर अहिराणीला पावलोपावली हे ‘ऱ्हा’ लागते. दीडशे पानांच्या अहिराणी कथासंग्रहात ते शेकड्याने येते आणि रूपांतरानंतर प्रत्येक ठिकाणी ह च्या डोक्यावर रफार चढलेला दिसतो. मग ‘शोधा आणि बदला’ चालवावे, तर निवेदनातली ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ही बिघडतात. योग्य रीत अशी की आधी असे रफाराचे खरे शब्द शोधून त्यांची यादी करायची, मग सरसकट बदल करायचा आणि शेवटी यादीतले शब्द पूर्ववत करायचे. ‘र्य’ मात्र सरसकट बदलूच नये. कार्य, सूर्य, धैर्य यांची संख्या फार मोठी आहे. तिथे एकेक जागा डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

दिसायला सारखे पण आतून वेगळे असे आणखी काही नमुने आहेत. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह दाबायची सवय सार्वत्रिक आहे. छापील पानावर फरक कळत नाही, पण ई-पुस्तकात शोध घेतला तर तो शब्द सापडत नाही, आणि कधी ‘दु:’ एका ओळीला, ‘ख’ पुढच्या ओळीला जातो. ॲ हे अक्षर युनिकोडात २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या मजकुरात ते अ वर चंद्र देऊन काढलेले असते. ओवीच्या शेवटचा दंड म्हणून उभी रेघ किंवा इंग्रजी आय टाकलेला असतो. हे सगळे एका बैठकीत, एकाच पद्धतीने सुधारून घ्यावे.

अहिराणीला सर्वमान्य लेखननियम नाहीत. एकाच पुस्तकात ‘शे’ आणि ‘से’, ‘ऱ्हायना’ आणि ‘रायना’ अशी रूपे शेजारी-शेजारी आढळतात. यातले काही लेखकाचे हेतुपूर्वक असते, कारण बोली कोसाकोसावर बदलते आणि पात्र कुठल्या गावचे ते अशा रूपांतून कळते. काही मात्र टंकणाऱ्याची मर्जी असते. म्हणून काम सुरू करण्याआधी लेखकाबरोबर बसून शब्दयादी करावी. ळ चा य होणे (डोया, काया) ही तर या भागातल्या बोलींची खूणच. मुद्रितशोधक पुण्याचा असेल तर तो ‘डोळा’ करून ठेवेल. वर्ड किंवा मोबाइलमधली आपोआप सुधारणा आधी बंद करावी, ती पुण्याच्या मुद्रितशोधकापेक्षाही उत्साही असते.

मांडणी : वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’ आणि उपशीर्षकाला ‘हेडिंग २’ ही शैली द्यावी. अक्षर ठळक करून आकार वाढवला की शीर्षक झाले असे माणसाला वाटते, यंत्राला तो जाड अक्षरातला परिच्छेदच दिसतो आणि अनुक्रमणिका रिकामी राहते. नवे प्रकरण नव्या पानावर न्यायला दहा वेळा एंटर मारणे ही डीटीपीच्या काळातली सवय; फोनवर तिथे पांढरे फटक पडदे येतात. त्याऐवजी पृष्ठखंड (पेज ब्रेक) टाकावा. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला टॅब किंवा मोकळ्या जागा वापरू नयेत, शैलीतच तसे ठरवावे. पृष्ठांक, प्रत्येक पानाच्या डोक्यावरचे पुस्तकाचे नाव आणि ‘पृष्ठ ४७ पाहा’ असले उल्लेख काढून टाकावेत. उल्लेखाच्या जागी दुवा द्यावा.

अहिराणी किंवा लेवा गणबोलीतल्या पुस्तकात शेवटी शब्दार्थांची पाने असतात. ई-पुस्तकात त्यांचे सोने करता येते. शब्दाला टीप जोडली की बोट टेकवल्यावर अर्थ तिथल्या तिथे उघडतो. नागपूरच्या वाचकाला ‘वावर’ चटकन कळेल, ‘मन्हा’साठी (माझा) त्याला टीप लागेल. पण दर ओळीला टीप दिली तर वाचन म्हणजे खडीवरून सायकल चालवणे होते; शब्द पहिल्यांदा येईल तिथेच टीप पुरे.

ओवी आणि गाणी ही स्वतंत्र डोकेदुखी. कानबाईची गाणी किंवा जात्यावरच्या ओव्या गद्यासारख्या टाकल्या की अरुंद पडद्यावर चरण कुठेही मोडतो आणि नवा चरण कुठून सुरू झाला हे कळत नाही. दोन कडव्यांत रिकामी ओळ, कडव्याच्या आत परिच्छेद न तोडता ओळ तोडणे (शिफ्ट आणि एंटर), आणि पद्याची एक शैली, जिच्यात मोडलेल्या चरणाचा उरलेला भाग थोडा आत सरकतो, इतके केले तरी पुष्कळ. कडव्याचे चित्र काढून चिकटवण्याचा मोह होतो. तसे करू नये. ते मोठे होत नाही, शोधात येत नाही आणि अंध वाचकाचे यंत्र ते वाचू शकत नाही. तक्त्यांचेही असेच. भरीत, फौजदारी डाळ आणि खापरावरच्या पुरणपोळीच्या कृती दोन रकान्यांत छान दिसतात, फोनवर दुसरा रकाना पडद्याबाहेर जातो. साहित्याची साधी यादी बरी.

फॉन्ट पुस्तकात घालायचा असेल तर मुक्ता, नोटो, लोहित असे खुल्या परवान्याचे घ्यावेत. डीटीपीच्या संचातले फॉन्ट असे वाटायला परवानगी नसते. पुस्तकाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली नाही तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासूचीत तिचा स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे. विक्रीच्या दुकानात तो पर्याय मिळाला नाही तर मराठी निवडावी आणि पुस्तकाच्या वर्णनात ‘अहिराणी’ हा शब्द ठळकपणे घालावा, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडेल.

रूपांतर आणि तपासणी : स्वच्छ झालेली डॉक्स फाइल कॅलिबर या मोफत साधनात घालून ई-पब काढता येते, लिब्रेऑफिसही २०१८ पासून थेट ई-पब देते. बारीक दुरुस्त्यांसाठी सिजिल हे ई-पब संपादनाचे साधन वापरतात. मुखपृष्ठ वेगळे द्यावे लागते, किंडलसाठी २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो आणि छापील आवृत्तीचा क्रमांक ई-आवृत्तीला चालत नाही; किंडलवर मात्र त्याची सक्ती नाही. तयार फाइल ई-पबचेक या साधनातून काढली की तांत्रिक चुका ओळ क्रमांकासह कळतात. ‘ऱ्हायना’च्या जागी ‘र्हायना’ आहे हे मात्र ते सांगत नाही. त्यासाठी अहिराणी घरात बोलणाऱ्या कुणाला तरी पुस्तक साध्या, स्वस्त फोनवर, अक्षर सर्वांत मोठे करून, मोठ्याने वाचायला द्यावे. जिथे जीभ अडखळेल, त्या ओळीवर खूण करावी.