बी की सी? एचआयव्हीसोबतच्या दोन काविळी

एचआयव्हीच्या रिपोर्टखाली कधीकधी आणखी एक ‘पॉझिटिव्ह’ निघतं: हिपॅटायटिस बी किंवा सी. घरी त्याची नुसती ‘कावीळ’ होते आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवून ती ‘उतरवायला’ माणूस निघतो. पाणी पिवळं होतं, विषाणू जागेवरच राहतो. डोळे पिवळे नसले तरीही हे दोन्ही विषाणू वर्षानुवर्षं यकृत खातात, आणि एचआयव्ही सोबत असला की नासाडी लवकर होते. म्हणून कागदावर बी आहे की सी, ते आधी बघा.

बीच्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, म्हणजे विषाणू आज अंगात आहे. सहा महिन्यांनंतरही तो टिकला तर सहसा कायमचा राहतो, कारण यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा साठा असतो. पण त्याला दाबून ठेवता येतं. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) केंद्रातून टीएलडी ही एचआयव्हीची एकत्रित गोळी मिळत असेल, तर तिच्यातलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन बीवरही चालतं. रात्रीची ती एकच गोळी दोन आजार सांभाळते.

धोकाही तिथेच आहे. बरं वाटतंय म्हणून, किंवा गावी लग्नाला जाताना डबी राहिली म्हणून गोळीत खंड पडला, तर बी उसळतो. यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. किडनीच्या त्रासामुळे डॉक्टर टेनोफोव्हिर बदलत असतील, तर ‘मला बी पण आहे’ हे तुम्ही स्वतः सांगा. मागे एकटं लॅमिव्ह्युडिन उरलं तर बी त्याला हळूहळू दाद देईनासा होतो. हे सांगायला अजिबात संकोच करू नका.

सीचं गणित निराळं. अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी अंगात आला होता. आज आहे का, ते आरएनए तपासणी सांगते. उलट सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फार खाली असेल तर अँटिबॉडी निगेटिव्ह येऊनही सी असू शकतो. विदर्भात सिकलसेल, थॅलेसेमियाचे रुग्ण बरेच. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांनी ही तपासणी मागून घ्यावी.

टीएलडीचा सीवर काही उपयोग नाही. त्याच्या गोळ्या वेगळ्या, सोफोसबुव्हिरसोबत डाक्लाटासव्हिर किंवा वेल्पाटासव्हिर, बहुतेकांना 12 आठवडे. 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात, एचआयव्ही असला तरी. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर मात्र आधी सांगा, सोफोसबुव्हिरचा असर ते घालवतं. बरं झाल्यावरही अँटिबॉडी पॉझिटिव्हच राहते, घाबरू नका. पण सी पुन्हा होऊ शकतो, त्याची लस नाही.

बीची लस आहे. स्वतःचं एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर ती घ्या, आणि नवराबायको दोघांचीही तपासणी करून घ्या. सीचा कोर्स सुरू होण्याआधी बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी हटताना दबलेला बी डोकं वर काढू शकतो.