एस्केप रोप की टेलीपोर्ट? गुहेत अडकल्यावर नेमकं काय चालतं

पोकेमॉन गेममधल्या रॉक टनेल या गुहेच्या पोटात पोशन (जखमी पोकेमॉनचं औषध) संपलेले, सहातले पाच पोकेमॉन बेशुद्ध, आणि मेनूतून टेलीपोर्ट दाबलं तर गेम सरळ नकार देतो. परभणी-लातूरकडं मोबाईलवर एम्युलेटर (जुने गेम चालवणारं अॅप) टाकून पोकेमॉन रेड किंवा फायररेड खेळणाऱ्या पोरांचा हा घोळ नेहमीचा आहे. एस्केप रोप आणि टेलीपोर्ट दोन्ही ‘इथून निघा’ म्हणण्यासाठीच आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

एस्केप रोप, म्हणजे दोरी, ही बॅगेत ठेवायची वस्तू. किंमत गेमच्या पैशात 550. प्यूटर सिटीच्या दुकानात, म्हणजे माऊंट मून या गुहेच्या आधीच मिळते. ती गुहेच्या आत चालते आणि एकदा वापरली की संपली. डिग ही पोकेमॉनला शिकवायची चालही गुहेतून तशीच बाहेर काढते, फुकटात आणि हवी तितक्या वेळा. सेरुलियन गावात चोरी करून पळणाऱ्या टीम रॉकेट या टोळीच्या माणसाला हरवलं की टीएम 28 (चाल शिकवणारी वस्तू) मिळतो, त्यात डिगच असते. त्यामुळं आमच्या मते सेरुलियननंतर दोरीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. डिग लढाईतही कामाची आहे: रेडमध्ये तिची ताकद 100 आहे, फायररेडमध्ये 60. रॉक टनेलमधल्या जिओड्यूड आणि ऑनिक्सला ती दुप्पट लागते, झुबॅटला मात्र अजिबात लागत नाही.

टेलीपोर्ट ही अॅब्रा या पोकेमॉनची चाल. मेनूतून वापरायची तर उघड्यावर, म्हणजे रस्त्यावर किंवा गावात असावं लागतं. ती शेवटचे उपचार घेतलेल्या पोकेमॉन सेंटरच्या (पोकेमॉनच्या दवाखान्याच्या) दारात नेऊन सोडते. उपचार आपोआप होत नाहीत, आत जाऊन करून घ्यायचे. हिला बॅज लागत नाही, फ्लायला (उडत दुसऱ्या गावी नेणारी चाल) मात्र थंडर बॅज लागतो. गुहेतल्या लढाईत टेलीपोर्ट चालते, आणि गैरसमज नेमका तिथूनच होतो. जंगली पोकेमॉनसमोर ती वापरली की लढाई संपते, पण तुम्ही गुहेत त्याच जागी उभे असता. ट्रेनरच्या (गेममधल्या प्रतिस्पर्ध्याच्या) लढाईत तेवढंही होत नाही.

खरी मेख दोरी कुठं नेऊन सोडते यात आहे, कारण ते दोन गेममध्ये वेगळं आहे. 1996 साली जपानमध्ये आलेल्या रेडमध्ये दोरी आणि डिग दोन्ही शेवटच्या सेंटरलाच नेतात, टेलीपोर्टसारखंच. 2004 च्या फायररेडमध्ये त्या गुहेच्या तोंडाशी सोडतात, आणि तेही ज्या तोंडातून शिरलात त्याच. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी आठवा. खालून शिरून चाचपडत वरच्या टोकाला पोचत आलात आणि कुणी उचलून परत खाली ठेवलं, तसं होतं. रॉक टनेलचं लॅव्हेंडर गावाकडचं दार दोन वळणांवर असताना दोरी ओढली की पुन्हा उत्तरेकडून सुरुवात. हरवलेले ट्रेनर परत लढत नाहीत, उचललेल्या वस्तू बॅगेतच राहतात, पण सगळी वाट पुन्हा चालावी लागते.

म्हणून रॉक टनेलमध्ये शिरण्याआधी रूट 10 वर गुहेला लागूनच असलेल्या सेंटरमध्ये उपचार घ्याच, एचपी (पोकेमॉनचा जीव) पूर्ण असले तरी. रेडमध्ये हे विसरलात तर दोरी सेरुलियनला नेऊन टाकते आणि रूट 9 पुन्हा चालून यावं लागतं. गुहेत उजेड पाडणारा फ्लॅशही सोबत हवा, नाहीतर स्क्रीन काळी राहते. दहा जातींचे पोकेमॉन पकडले की रूट 2 वर प्रोफेसर ओकचा मदतनीस तो देतो.

सगळे बेशुद्ध पडू दिले तरी सेंटरलाच पोचता, उपचारही होतात. पण रेडमध्ये निम्मे पैसे जातात. 550 ची दोरी त्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडते.

व्हिक्टरी रोड या शेवटाकडच्या गुहेचं गणित वेगळं आहे. तिथं गुहेच्या अलीकडं जवळ सेंटर नाही. मागं व्हिरिडियन सिटी, पुढं थेट इंडिगो प्लॅटो. व्हिरिडियनला उपचार घेऊन निघाला असाल तर रेडमधली दोरी तिथं परत नेते. फायररेडमध्ये गुहेच्या तोंडाशी सुटता, तिथून फ्लाय किंवा टेलीपोर्ट करून सेंटर गाठायचं. दोन्हीकडं रूट 22 आणि 23 पुन्हा नशिबी येतात. अर्ध्याहून जास्त गुहा मागं टाकली असेल तर आम्ही दोरीला हात लावत नाही. जंगली पोकेमॉनला दूर ठेवणारा सुपर रिपेल मारायचा: 500 ला एक, 200 पावलं टिकतो. सगळ्यात मोठ्या लेव्हलचा पोकेमॉन पहिल्या जागी ठेवायचा, कारण रिपेल त्याच्यापेक्षा कमी लेव्हलच्या जंगली पोकेमॉनलाच अडवतो. ट्रेनरना तो लागू होत नाही. त्यांच्यासाठी एक धडधाकट पोकेमॉन आणि दोन-तीन हायपर पोशन राखून ठेवायचे.