उघडी वही आणि गुप्त सही

गेल्या वर्षी प्रयोग म्हणून मी दोन हजार रुपयांचे बिटकॉइन घेतले आणि हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे चावी जपणाऱ्या छोट्या उपकरणावर ठेवले. बारा शब्दांचा सीड, म्हणजे वॉलेट परत उभं करून देणारे शब्द, वहीत उतरवला आणि जास्तीचा बंदोबस्त म्हणून वर एक पासफ्रेजही, म्हणजे स्वतः निवडलेला जादा परवलीचा मजकूर, लावला. चार महिन्यांनी उघडून बघतो तर शिल्लक शून्य. ‘पासवर्ड चुकला’ असा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत. वॉलेट व्यवस्थित उघडलं होतं, फक्त रिकामं होतं. अर्धा तास घाम फुटल्यावर उलगडा झाला. पहिल्यांदा पासफ्रेज टाकताना फोनच्या कीबोर्डनं शेवटचा शब्द स्वतःच पूर्ण करून दिला होता आणि त्याच्यामागे एक मोकळी जागा सोडली होती. तेवढी जागा टाकली आणि पैसे हजर.

‘क्रिप्टोवर (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांवर) एन्क्रिप्शनचा, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नये असं झाकण्याचा, आणखी एक थर चढवला तर ते जास्त सुरक्षित होईल ना?’ असं कोणी विचारलं की मला ती मोकळी जागा आठवते.

पण मुळात या प्रश्नातच एक गैरसमज आहे. बिटकॉइनच्या नोंदवहीत एन्क्रिप्शन नाहीच. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे या वहीचं एक पान) आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार, कोणत्या पत्त्यावरून (खाते क्रमांकासारखी ओळख) कोणत्या पत्त्यावर किती गेले, हे सगळं उघडं आहे. सातबाऱ्यासारखं. कुणाच्याही जमिनीचा उतारा तुम्ही महाभूलेखवर घरबसल्या बघू शकता, पण बघितल्यानं जमीन तुमची होत नाही. ती नावावर व्हायला मालकाची सही किंवा अंगठा लागतो. बिटकॉइनचंही तसंच आहे. फरक एवढाच की इथे तलाठी नाही, निबंधक नाही आणि सहीची शहानिशा जगभरातले हजारो संगणक करतात.

ही सही म्हणजे निव्वळ गणित. तुमच्याकडे एक प्रचंड मोठी गुप्त संख्या असते, ती खासगी चावी. तिच्यावरून एक सार्वजनिक चावी निघते, पण उलट दिशेनं, सार्वजनिकवरून खासगी काढायचा व्यवहार्य मार्ग आजच्या संगणकांना माहीत नाही. व्यवहाराचा मजकूर आणि खासगी चावी यांच्यापासून सही तयार होते आणि सार्वजनिक चावी वापरून ती कोणीही पडताळू शकतो. बँकेतल्या सहीपेक्षा ही वेगळी, कारण दर व्यवहाराला ती बदलते. चेकवरची सही गिरवता येते. ही एका व्यवहारावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवता येत नाही, आणि रकमेतला एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही.

म्हणून व्यवहार वाटेत कोणी वाचला तरी पैशाला धोका नसतो. बिटकॉइनचे संगणक एकमेकांशी बोलायचे तेही वर्षानुवर्षं उघड्यावरच. दोन संगणकांमधलं संभाषण एन्क्रिप्ट करायची सोय बिटकॉइन कोअर या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये २०२३ च्या डिसेंबरमध्ये आली आणि २०२४ मध्ये ती मुळातच चालू स्थितीत मिळू लागली. तिच्यामुळे इंटरनेट कंपनीला तुमची वाहतूक वाचणं अवघड झालं, ही चांगलीच गोष्ट. पण तो लाभ खासगीपणाचा. नाणी तिच्या आधी जेवढी सुरक्षित होती तेवढीच नंतरही आहेत.

मग जपायचं काय? ती एक संख्या. बारा शब्दांचा सीड म्हणजे तीच संख्या माणसाला लिहिता यावी म्हणून केलेली सोय. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून हे बारा शब्द येतात आणि त्यांच्या वैध जुळण्या होतात २ चा १२८ वा घात इतक्या. सेकंदाला एक लाख कोटी जुळण्या तपासणारं यंत्र बसवलं तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट वेळ लागेल. अशा भिंतीवर आणखी चार विटा रचून काय साधणार?

शिवाय दोन कुलपं म्हणजे दुप्पट बळ, हा हिशोबही खरा नाही. डीईएस या एन्क्रिप्शनच्या जुन्या पद्धतीची चावी ५६ बिटांची, म्हणजे २ चा ५६ वा घात इतक्या शक्यतांची; एक बिट वाढला की शक्यता दुप्पट. ती दोनदा, दोन वेगळ्या चाव्यांनी लावली तर ११२ बिटांचं बळ मिळेल असं वाटत होतं. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या गूढलेखनाच्या अभ्यासकांनी १९७७ मध्ये दाखवलं की हल्लेखोर एका बाजूनं कुलूप लावत आणि दुसऱ्या बाजूनं उघडत येऊन मध्ये गाठ घालू शकतो. त्याला साठवणुकीची जागा मात्र अफाट लागते. ती असली, तर प्रत्यक्ष मिळतं ५७ बिटांचं बळ. म्हणजे दुसऱ्या कुलपाची कमाई जेमतेम एक बिट.

भिंत पडते ती बहुधा पायातून. २०२३ मध्ये उघड झालेली ‘मिल्क सॅड’ नावाची चूक बघा. वॉलेट तयार करणारं एक साधन दिसायला भरभक्कम सीड देत होतं, पण त्यामागची यादृच्छिकता, म्हणजे अंदाज न येणारा भाग, होती फक्त ३२ बिटांची. म्हणजे जेमतेम ४२९ कोटी शक्यता, आणि तेवढ्या तपासणं हे आजच्या संगणकाला काहीच नाही. लोकांची नाणी गेली. त्या सीडवर त्यांनी नंतर कितीही एन्क्रिप्शन केलं असतं तरी फरक पडला नसता, कारण चोराला त्यांच्या फाइलची गरजच नव्हती. तो त्याच्या घरी बसून त्यांची चावी पुन्हा बनवत होता.

जास्तीच्या थराचा खरा उपयोग एका जागी होतो, आणि तो लहान नाही. चावी नुसती पडून असते तेव्हा. लॅपटॉप चोरीला गेला, सीडचा कागद कामाला आलेल्या कुणाच्या हाती लागला, तर एन्क्रिप्ट केलेली फाइल किंवा पासफ्रेज तुम्हाला वाचवतो. काटेकोर बोलायचं तर पासफ्रेज हे एन्क्रिप्शन नव्हे. बारा शब्द आणि पासफ्रेज एकत्र करून गणिताच्या चरकातून २०४८ वेळा काढतात आणि त्यातून नवं वॉलेट निघतं. कोणताही पासफ्रेज टाका, कोणतं तरी वॉलेट निघतंच. म्हणून मला ‘पासवर्ड चुकला’ असा संदेश दिसला नाही. चोरालाही दिसत नाही, आणि तिथेच पासफ्रेजची गंमत आहे. मात्र पासफ्रेज मुलाचं नाव आणि जन्मसाल असा असेल तर अंदाज करणाऱ्या यंत्राला फार वेळ लागत नाही.

आणि प्रत्येक नवं कुलूप एक नवी चावी घेऊन येतं. प्रोग्रॅमर स्टेफान थॉमस याच्या ७,००२ बिटकॉइनच्या चाव्या एका आयर्नकी पेन ड्राइव्हमध्ये आहेत. त्याचा पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. दहा वेळा चुकलं की ते उपकरण कायमचं बंद होतं, आणि २०२१ मध्ये ही बातमी झाली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते. एन्क्रिप्शननं आपलं काम चोख केलं. मालकाविरुद्ध.

मोठ्या चोऱ्यांकडे बघितलं तर कुलूप फोडल्याचं क्वचितच दिसतं. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. त्या वॉलेटला एकाहून अधिक सह्या लागत, कंपनीचे लोक हार्डवेअर वॉलेट वापरत. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच व्यवहारावर होत होती. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या दुसऱ्या एक्सचेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरचं इथर हे चलन गेलं तेही याच मार्गानं. सह्या करणाऱ्यांना नेहमीचा व्यवहार दिसावा म्हणून संकेतस्थळाचा कोडच बदलला होता. आपल्याकडे याला कोऱ्या कागदावर सही म्हणतात, आणि सही खरी असल्यामुळे साऱ्या नेटवर्कनं ती मानली. घरगुती आवृत्ती यापेक्षा साधी असते. तुम्ही पत्ता कॉपी करता, संगणकात शिरलेलं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पेस्ट करताना दुसराच पत्ता ठेवतं. इथे हवा असतो तो हातातल्या उपकरणाच्या छोट्या पडद्यावरचा पत्ता सबंध वाचण्याचा कंटाळा न करणारा माणूस.

राहिला व्यवहार लपवण्याचा भाग. झेडकॅश हे चलन २०१६ पासून खरोखरच रक्कम आणि पत्ते झाकून ठेवायची सोय देतं, तेही शून्य-ज्ञान सिद्धतेच्या, म्हणजे तपशील न दाखवता व्यवहार खरा असल्याचं पटवून देणाऱ्या, सुंदर गणितानं. पण झाकण्याची किंमत असते. १५ ऑगस्ट २०१० ला बिटकॉइनमधल्या एका चुकीमुळे सुमारे १८,४०० कोटी बिटकॉइन एका फटक्यात निर्माण झाले. कमाल मर्यादा आहे २ कोटी १० लाख! वही उघडी होती म्हणून काही तासांत लोकांच्या लक्षात आलं, सॉफ्टवेअर दुरुस्त झालं आणि तो ब्लॉक बाद झाला. झेडकॅशमध्येही खोटी नाणी पाडता येतील अशी चूक मार्च २०१८ मध्ये त्यांच्याच तज्ज्ञाला सापडली. ती गुपचूप दुरुस्त करून फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केली. गैरफायदा घेतल्याचा पुरावा आढळला नाही, असं झेडकॅशमागच्या कंपनीनं सांगितलं. झाकलेल्या व्यवहारांच्या आत डोकावून एकेक नाणं मोजायची सोय मात्र तिच्याकडेही नव्हती.