बाहेरख्याली

बाहेरख्याली (वि.) : घरी बायको असताना परस्त्रीचा नाद असलेला, विवाहाबाहेरच्या संबंधांची सवय जडलेला. नाम म्हणूनही वापर होतो (‘त्याची बाहेरख्याली’), त्यावरून बाहेरख्यालीपणा. शब्द जोडून लिहावा. ‘बाहेर’ हा संस्कृत ‘बहिः’च्या वंशातला आणि ‘ख्याल’ हा मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. मराठीतल्या नीतिविषयक शब्दांत हा तसा सभ्य शब्द आहे. तो शिवी नाही आणि कौतुकही नाही. बहुधा तो माणूस समोर नसतानाच वापरला जातो, आणि त्याच्या आधी हटकून ‘जरा’ येतो : ‘माणूस लाखाचा, पण जरा बाहेरख्याली.’

या शब्दाची सगळी मजा ‘ख्याल’मध्ये आहे. मराठीत ख्याल म्हणजे विचार, लहर, आणि पुढे नाद. ‘ख्यालीखुशाली’ हा जोडशब्द आज आपण क्षेमकुशल विचारायला वापरतो, पण त्याचा जुना अर्थ चैनबाजी असा होता. ‘ख्यालीखुशालीत दिवस घालवले’ म्हणजे मजा मारली. म्हणजे बाहेरख्याली माणसाचे नुसते पाऊल बाहेर नसते, त्याचे चित्तच बाहेर असते. एखाद्या वेळी घसरलेल्याला मराठीत ‘त्याचं पाऊल वाकडं पडलं’ किंवा, राग आला तर, ‘शेण खाल्लं’ म्हणतात. बाहेरख्याली म्हणत नाहीत. त्यासाठी सवय लागते, सातत्य लागते. हा शब्द कृत्याचा नसून स्वभावाचा आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मात्र या शब्दाची थोडी पंचाईत होते. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला, त्या तळाचे लश्कर हे शहर झाले. तिथे आलेल्या मराठी कुटुंबांची भाषा गेली दोनशे वर्षे हिंदीच्या शेजारात नांदते आहे. महाराजांचा वाडासुद्धा तिथे ‘महाराज बाडा’ होऊन बसला. हिंदीत ‘ख़याल रखना’ म्हणजे काळजी घेणे. त्यामुळे स्टेशनवर पाहुण्यांना निरोप देताना पुण्याची बाई ‘काळजी घ्या’ म्हणते, तिथे लश्करातली ‘ख्याल ठेवा हं’ म्हणून जाते. त्या हिशेबाने बाहेरख्याली म्हणजे बाहेरच्यांची काळजी वाहणारा, परोपकारी गृहस्थ!

दुसरी पंचाईत गाण्याची. ख्यालगायकीचे आद्य मानले जाणारे घराणे या गावाच्या नावाचे. १९व्या शतकात हस्सू खाँ आणि हद्दू खाँ यांनी दरबारात ही गायकी घडवली. वासुदेवबुवा जोशी ती त्यांच्याकडून शिकले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ती वासुदेवबुवांकडून घेऊन महाराष्ट्रात गेले. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या काळात संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंड्यांच्या पुढाकाराने इथे संगीत महाविद्यालय निघाले. अशा गावात ‘ख्याल’ हा शब्द पोराच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो तानपुऱ्यासोबत. नोंदलेखकाने लहानपणी लश्करातल्या वाड्यात, कुणा दूरच्या काकांविषयी हा शब्द ऐकून, तांदूळ निवडत बसलेल्या आजीला विचारले होते : ‘आजी, बाहेरख्याली म्हणजे बाहेरगावी जाऊन ख्याल गाणारे का गं?’ आजीने सुपातला खडा बाजूला काढला आणि म्हणाली, ‘हो. फक्त त्यांची बिदागी घरातून जाते.’ या शब्दाची याहून नेमकी व्याख्या नंतर कुठे वाचायला मिळाली नाही.

‘बाहेर’ हा शब्दाचा उरलेला अर्धा भागही साधा नाही. मराठी घरात जे बोलायचे नसते ते ‘बाहेर’मध्ये ढकलण्याची जुनी रीत आहे. पाळी आलेली बाई ‘बाहेरची’ होते, झपाटलेल्याला ‘बाहेरचं’ लागते, आणि नवऱ्याची भानगड असली तर ‘त्यांचं बाहेर काहीतरी आहे’ एवढेच म्हणतात. उंबऱ्याच्या आत सगळे ठीक आहे असे या शब्दात गृहीत असते. बिघाड आहे तो पलीकडे. म्हणूनच जुन्या सरदारांच्या पदरच्या नाटकशाळांना, म्हणजे वाड्यात ठेवलेल्या बायकांना, हा शब्द नीट बसत नाही. तिथे लपवाछपवी नव्हती, बाहेरही नव्हते, सारे वाड्याच्याच खर्चात पडलेले असे. पुढच्या काळातल्या खाऊनपिऊन सुखी गृहस्थाचे ‘अंगवस्त्र’, म्हणजे ठेवलेली बाई, मात्र बाहेर वेगळ्या बिऱ्हाडात असे. बाहेरख्याली हा खरा त्या गृहस्थाचा शब्द : सकाळी पूजा, दुपारी कचेरी, आणि संध्याकाळी कुठे ते घरात सगळ्यांना माहीत, पण कोणी विचारत नाही.

व्याकरणाने हा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही. ‘बाहेरख्याली नवरा’ म्हणा की ‘बाहेरख्याली बाई’, रूप एकच. वापरात मात्र दुसरे रूप क्वचितच भेटते. बाईसाठी मराठीने वेगळी आणि कितीतरी कठोर शब्दसंपत्ती राखून ठेवली आहे : उठवळ, चवचाल, उंडगी, आणि त्याहून खाली उतरायचे तर शिंदळ. यातल्या ‘उठवळ’मध्ये उठणे आहे, ‘उंडगी’मध्ये उंडारणे आहे, ‘चवचाल’मध्ये चाल ऐकू येते. पुरुषाचा दोष त्याच्या ख्यालात, म्हणजे डोक्यातल्या लहरीत. बाईचा तिच्या चालण्याफिरण्यात, अंगातच. पुरुषाला सुधारायला वाव ठेवलेला आहे (‘वय झालं की येतो ठिकाणावर’), बाईला नाही. आणि जो नवरा संध्याकाळी नेमाने घरी येऊन बायकोशी गप्पा मारत बसतो, त्याचीही धडगत नाही. त्याला ‘बाईलवेडा’ म्हणून हसतात.

कायद्याचा आणि या शब्दाचा मेळ कधीच नीट बसला नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेतले कलम ४९७ व्यभिचाराबद्दल होते. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. गुन्हा मानला जाई तो त्या दुसऱ्या नवऱ्याच्या विरोधात. विवाहित पुरुष एखाद्या विधवेकडे किंवा अविवाहित बाईकडे जात असेल, तर या कलमाच्या लेखी काहीच घडत नसे, आणि त्याच्या बायकोला या कलमाखाली दाद मागता येत नसे. गंमत अशी, की बाहेरख्याली म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवत, तो बहुतेक नेमका हाच पुरुष. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. घटस्फोटाचा कायदा शब्दाच्या जरा जवळ होता. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात सुरुवातीला जोडीदार व्यभिचारात ‘राहत’ असणे, म्हणजे सवयीचे असणे, आवश्यक होते. ती बाहेरख्यालीच झाली. १९७६च्या दुरुस्तीने लग्नानंतरचा एक प्रसंगही घटस्फोटासाठी पुरेसा ठरला, म्हणजे वाकडे पडलेले एक पाऊलसुद्धा.

आता हा शब्द बोलण्यातून हटत चालला आहे. ग्वाल्हेरची तरुण मराठी मंडळी ‘त्याचं चक्कर चालू आहे’ म्हणतात, पुण्यामुंबईची ‘अफेअर’ किंवा ‘लफडं’ म्हणतात. अर्थ बदलला आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. चक्कर, लफडं, अफेअर हे सुरू होतात आणि संपतात, आणि त्यांत दोन माणसे लागतात. बाहेरख्यालीला एकच पुरे. समोरची बाई कोण, हे त्या शब्दात कुठेच नाही.

लग्नाच्या स्थळांची चौकशी एवढ्याच जागी तो अजून अडून आहे, तोही अर्धाच. जाहिरातीत ‘निर्व्यसनी’ छापतात, आणि त्यात तंबाखू येते, दारू येते. पुढचे विचारायचे कसे? मग एखादी आत्याबाई दबक्या आवाजात विचारते, ‘मुलाचं बाहेरचं वगैरे काही…?’ आणि मुलाची आई छातीठोकपणे सांगते, ‘छे हो, बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही तो. डबा घेऊन जातो घरचा.’