तीनशे पंचेचाळीस कसं लिहायचं?

वरूड तालुक्यातल्या मित्राच्या संत्र्याच्या बगिच्यात मातीचं तापमान मोजणारा सेन्सर बसवला आणि मोबाईलवर आकडा आला ११२६.५ अंश! शेजारच्या वावरातले काका म्हणाले, "भाऊ, मशीनले नजर लागली, लिंबू-मिरची बांधा." नजर वगैरे काही नसतं. कागद-पेन घेतलं की कारण सापडतं.

सेन्सर तापमान दहापटीने पाठवतो, म्हणजे ३० अंशांसाठी ३००. एका बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या आठ बिटांच्या एका खणात, २५५ पर्यंतच आकडा मावतो. म्हणून ३०० चे दोन बाइट होतात, १ आणि ४४ (१ × २५६ + ४४). मॉडबस म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत; तिच्या नियमाप्रमाणे सेन्सरने मोठा बाइट (२५६ चे गट मोजणारा, इथे १) आधी पाठवला. आमची चिप मात्र लहान बाइट आधी धरणारी. तिने वाचलं ४४ × २५६ + १ = ११२६५.

मग लहान आधी ठेवायचाच कशाला? शाळेतली बेरीज आठवा, आपण एककापासून सुरुवात करतो. ८ बिटांच्या प्रोसेसरला ३०० मध्ये २२० मिळवायचे आहेत. आधी ४४ + २२० = २६४, म्हणजे १ × २५६ + ८; त्यातले ८ लिहिले, हातचा १. मग १ + ० + हातचा १ = २. उत्तर २ × २५६ + ८, म्हणजे ५२०. लहान बाइट पहिल्या पत्त्यावर असला की हातचा पुढे नेत मेमरीत सरळ चालत जाता येतं. इंटेलने हीच रीत धरली. उलट दोन संख्यांत मोठी कोणती हे ठरवायला मोठा बाइट आधी हवा, आणि माणसालाही तसंच वाचायला सोपं. आयबीएमचं १९६४ चं सिस्टीम/३६० हे संगणकांचं घराणं तसंच होतं, इंटरनेटचे प्रोटोकॉलही तसेच. दोन्हींत चूक कुणीच नाही.

आपली मराठी तर दोन्ही रीती एकत्र चालवते! 'तीनशे पंचेचाळीस' म्हणताना शतक आधी, मग एकक, शेवटी दशक. पीडीपी-११ हा जुना संगणक ३२ बिटांची (चार बाइटांची) संख्या थेट अशीच ठेवायचा: मोठा अर्धा आधी, पण प्रत्येक अर्ध्यात लहान बाइट आधी. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मॉडबसवर ३२ बिटांची संख्या दोन रजिस्टरांत (दोन-दोन बाइटांच्या खणांत) येते आणि त्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. म्हणून नवा सेन्सर जोडला की आधी माहीत असलेलं माप वाचून बघा. आम्ही कोडमध्ये दोन बाइटांची अदलाबदल केली, झाडाच्या आळ्यात साधा थर्मामीटर खोचला. पडद्यावर ३०.० आलं, थर्मामीटरचा पाराही तिसाच्या रेघेजवळच होता.