गोधडीला क्विल्ट म्हणताना

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या एका हस्तकला प्रदर्शनात ‘गोधडी क्विल्ट’ अशी पाटी पाहिली. हात लावून बघितलं तर नवं कोरं छापील कापड, आत पॉलिस्टरचा भराव आणि वरून मशीनची चौकटी शिलाई. वस्तू चांगली होती, निफाडच्या थंडीतही ऊब देईल अशी. पण ती गोधडी नव्हती. तसं म्हटल्यावर विकणाऱ्या ताई म्हणाल्या, “एकच की हो, तिकडेही गरिबीतच शिवायच्या बायका.” हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते डोक्यातून जाईना.

आधी बांधणी बघू. अमेरिकेतल्या पारंपरिक क्विल्टचे थर तीन. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापूस, खाली अस्तर. तिन्ही थर चौकटीवर ताणून त्यातून टाके घालायचे. हे टाके नुसते शोभेचे नसतात. आतला कापूस सरकून त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून ते जवळजवळ घालावे लागतात. म्हणजे पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरून घेतो ती आपली रजई हीच क्विल्टची खरी बहीण. ठिगळांमुळे क्विल्ट दिसते मात्र गोधडीसारखी, आणि घोटाळा तिथेच होतो.

गोधडीत भराव नसतो. जुनं कापडच थरावर थर येतं आणि ऊब त्या थरांची असते. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या घरी आजी दुपारची भांडी झाली की ओसरीवर लुगडी अंथरायची. नऊ वारांच्या लुगड्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे पडतात. दोन-दोन शेजारी जोडले की अंथरुणाच्या मापाचे दोन थर होतात. दोन लुगडी आणि आजोबांचं एखादं धोतर यात एक गोधडी व्हायची. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, जे हाताशी येईल ते वजन ठेवायचं आणि कडेने धावदोरा घालत आत आत सरकत यायचं. शिवणारी गोधडीवरच बसलेली, म्हणजे चौकट, वजन आणि टेबल सगळं तीच. जीर्ण भाग आत जायचा, त्यातल्या त्यात धड भाग वर. लहान बाळाचं दुपटं असेल तर उलट, सर्वांत वापरलेलं, मऊ झालेलं कापड बाळाच्या अंगाला लागेल असं.

आता ताईंच्या वाक्याकडे येते. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत घरोघरी क्विल्ट शिवल्या गेल्या, हे खरं. पण त्यातलं बरंचसं कापड आलं कुठून? पिठाच्या, साखरेच्या, कोंबडीखाद्याच्या पोत्यांमधून. ही पोती सुती असायची. सुरुवातीला त्यांवरची कंपनीची शाई घासघासून काढावी लागे. पुढे तिशीच्या दशकात बायका या पोत्यांचे फ्रॉक शिवतात हे ओळखून कंपन्यांनी फुलाफुलांचे छाप आणले आणि कोणतं पोतं घ्यायचं हे छापावरून ठरू लागलं. १०० पौंडांचं पोतं उसवलं की वारभराहून थोडं जास्त कापड मिळायचं. म्हणजे पैसे नसतानाही धान्याच्या वाटेने नवं कापड घरात येत होतं. त्याच काळात क्विल्ट हा मोठा छंदही होता. ‘कॅन्सस सिटी स्टार’ हे वर्तमानपत्र १९२८ पासून क्विल्टचे नमुने छापत होतं. शिकागोच्या १९३३ च्या जागतिक मेळ्यानिमित्त सीअर्स कंपनीने स्पर्धा लावली, तिला सुमारे २४,००० क्विल्ट आल्या. पहिलं बक्षीस १,००० डॉलरचं होतं. ऐन मंदीत ही रक्कम केवढी! ते बक्षीस मिळवणाऱ्या बाईंनी त्या क्विल्टला स्वतः टाका घातलेला नव्हता. काम मजुरीवर करवून घेतलं होतं आणि बक्षिसातलं काही त्या शिवणाऱ्या बायकांपर्यंत पोचलं नाही. मंदीतल्या क्विल्टची गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

पण अमेरिकेतही एक गाव असं आहे जिथे क्विल्टला नवं कापड, गोधडीला जुनं ही माझी विभागणी टिकत नाही. अलाबामातलं जीज बेंड. गुलाम केलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांचं हे गाव, कापसाच्या शेतात खंडाने राबणारं. तिथल्या बायकांनी शेतातले फाटके डेनिम, झिजलेले सदरे, गुडघ्यांवर विटलेल्या विजारी फाडून क्विल्ट केल्या. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची एक शिवली, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं म्हणून. ती भराव घातलेली क्विल्टच आहे, पण कापड कुठून आलं हे विचारलं तर शिकागोच्या स्पर्धेपेक्षा ती आमच्या ओसरीला जवळची आहे.

आपल्याकडे वाईट दिवसांत गोधड्या वाढल्या असतील असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. गोधडीला अंगावरून उतरलेलं कापड लागतं आणि तंगीत कापड अंगावरून उतरतच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलं. पुढे १९७२ चा दुष्काळ. आमच्याकडची माणसं खडी फोडायला जात, सुकडी खात. त्या वर्षी घरात एकही गोधडी झाली नाही, असं आजी सांगायची. दोन फाटकी लुगडी घ्यायची, दोन्हींचा धड भाग काढायचा आणि मधोमध दंड घालून, म्हणजे जोड शिवून, एक लुगडं करायचं. गोधडीची पाळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, पाऊसपाणी बरं झाल्यावर. तेव्हासुद्धा बोहारणीशी झगडा होताच. जुनं लुगडं स्टीलच्या पातेल्यावर द्यायचं की गोधडीत घालायचं, हा हिशोब घरातली बाई करायची आणि पातेलं पुष्कळदा जिंकायचं.

आज नाशिकमध्ये आईच्या, आजीच्या साड्या देऊन गोधडी शिवून घेणारी घरं आहेत आणि हातशिलाईचे वाजवी पैसे मागणाऱ्या बायकाही आहेत. त्यांच्या कामाला क्विल्ट म्हटलं की किंमत जास्त येते, हे मला कळतं. तरी घेणाऱ्याने एक करावं. कोपरा दोन बोटांत धरून चोळावा. आत मऊ, फुगीर काही दबलं तर भराव आहे. कापडावर कापड सरकल्यासारखं वाटलं तर गोधडी.

आजीची एक गोधडी माझ्याकडे आहे. घट बसण्याआधी धुवायला काढली की ओली गोधडी पिळायला दोघं लागतात. यंदा तिचा एक कोपरा फाटला आणि आतलं जांभळं लुगडं दिसलं. त्याला दंड घातलेला होता. वरचा धावदोरा बोटभर लांब, घाईचा. दंडाचे टाके मात्र तांदळाच्या कणीएवढे, सरळ ओळीत. ते लुगडं नेसून चारचौघांत जायचं होतं.