मेंदूत बसवायच्या उपकरणांची दीडशे वर्षे

मेंदूत बसवायच्या उपकरणांची चर्चा आज बहुधा संगणकापासून सुरू होते. तिचे मूळ मात्र १८७० साली बर्लिनमध्ये झालेल्या एका प्रयोगात आहे. गुस्ताव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले, आणि मेंदूचा कोणता भाग चेतवला यावर कोणता अवयव हलेल हे ठरते, असे दिसून आले.

मेंदूला वीज देण्याच्या या वाटेने प्रगती तुलनेने लवकर झाली. केंब्रिजमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल ल्यूइन यांनी एका अंध महिलेच्या दृष्टिकेंद्रावर इलेक्ट्रोड बसवले व तिला प्रकाशाचे ठिपके दिसल्याचे १९६८ मध्ये नोंदवले. पुढे १९८७ साली ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी हातांचा कंप थांबवण्यासाठी विकसित केलेली खोल मेंदू-उद्दीपनाची, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर इलेक्ट्रोड बसवून वीज देण्याची, पद्धत आज पार्किन्सनच्या उपचारांचा भाग झाली आहे.

मेंदूकडून संदेश मिळवणे याहून कितीतरी अवघड होते. या दिशेने टाकलेले निर्णायक पाऊल, माझ्या मते, एबरहार्ड फेट्झ यांचे. त्यांनी १९६९ मध्ये माकडाच्या मेंदूतील एकाच पेशीचे स्पंदन एका मापकाच्या काट्याला जोडले. पेशीच्या स्पंदनाची गती वाढली की काटा सरके आणि पुरेसा सरकला की माकडाला खाऊ मिळे. थोड्याच वेळात माकड ती पेशी हवी तेव्हा चेतवू लागले. यंत्राने मेंदू समजून घ्यायचा, एवढेच यात नाही. मेंदूही यंत्र शिकून घेतो, हे येथे प्रथमच इतके स्पष्ट दिसले. ‘मेंदू-संगणक संवाद’ या अर्थाची संज्ञा जॅक व्हिदाल यांनी १९७३ मध्ये रूढ केली, ती त्यानंतरची.

युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी घडवलेली सुमारे ४ मिलिमीटर बाजूची, मेंदूत रुतवून पेशींचे संदेश टिपणारी शंभर सुयांची चकती लुळ्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचली ती २००४ साली. मानेखाली पूर्ण लुळे झालेले मॅथ्यू नेगल तिच्या आधारे केवळ हालचालीच्या विचाराने पडद्यावरचा कर्सर हलवू शकले. याच परंपरेतील संशोधनात २०२१ मध्ये एका पक्षाघातग्रस्त व्यक्तीने मनात अक्षरे गिरवून मिनिटाला ९० अक्षरांच्या वेगाने मजकूर लिहिला.

मात्र मेंदू परक्या वस्तूभोवती व्रणऊतक तयार करतो आणि काही काळाने संकेत क्षीण होऊ लागतात. ही अडचण अजून पूर्णपणे सुटलेली नाही. दुसरी अडचण तांत्रिक नाही, आणि मला ती अधिक अस्वस्थ करते. ऑस्ट्रेलियात फेपऱ्याच्या झटक्याची पूर्वसूचना देणारे उपकरण एका महिलेच्या मेंदूवर बसवले होते. ते तिला स्वतःचाच भाग वाटू लागले होते. बनवणाऱ्या कंपनीचा निधी संपला, तेव्हा ते ठेवून घेण्यासाठी घर गहाण टाकायचीही तिची तयारी होती, तरीही ते काढून टाकण्यात आले.